डेफिनिशन, एक नग

टीव्हीच्या खोक्यातून टीव्ही निघाला. रिमोट निघाला, त्याचे दोन सेल निघाले, थर्माकोलचे चार तुकडे निघाले, इंग्रजीतलं एक पुस्तक निघालं. डेफिनिशन मात्र निघालं नाही.

सुभेदार नाथाजी मान्यांनी बिल हातभर लांब धरून पुन्हा मोठ्यानं वाचलं. "रंगीत टीव्ही, एक. रिमोट, एक. अँटेना, एक. डेफिनिशन, एक." मग त्यांनी खोकं उलटं केलं आणि त्याच्या बुडावर चार थापा मारल्या. आतून एक झुरळ पडलं. ते बिलात नव्हतं.

"आवं, पुस्तकाच्या मधी घडी करून ठिवलं असंल," त्यांच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या.

"डेफिनिशन काय साडी हाय व्हय, घडी करून ठिवायला?"

"मग कसं असतंय ते?"

नाथाजींनी खोकं सरळ करून पुन्हा आत डोकावून बघितलं. अंगणात निम्मी कुरणवाडी जमली होती आणि एवढ्या माणसांदेखत नाथाजींना एखादी वस्तू ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. कारण सुभेदार नाथाजी मान्यांना आजवर कोणी फसवलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं, आणि गावानं ते केव्हाच मान्य केलेलं. म्हसवडच्या बाजारात खोंड घ्यायचा असो, लोणंदहून कांद्याचं बी आणायचं असो नाहीतर पोरीच्या रुखवतातला कुकर असो, माणूस आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसे. "घे" किंवा "ठिव खाली" एवढंच ते बोलत आणि विषय संपे. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला गावात काहीतरी पद लागतंच. सरपंचपद आप्पासोंनी धरून ठेवलं होतं, म्हणून नाथाजींनी हे धरलं. आणि खरं सांगू का, सरपंचाला गाव तोंडावर तरी शिव्या द्यायचं. नाथाजींना पाठीमागेही कुणी देत नसे.

हा टीव्हीचा घाट घातला होता त्यांच्या जयराजनं. पोरगा बापासारखाच फौजेत, त्या वर्षी शांतिसेनेबरोबर लेबनानात. आई दुपारची एकटी असते, तिचा वेळ जात नाही, म्हणून या लेकानं तिकडच्या बाजारातून चक्क व्हिडिओ गेम घेतला आणि रजेवर येणाऱ्या दोस्ताबरोबर धाडून दिला. आईसाठी! लोकांची पोरं शाली पाठवतात. सोबत पत्र होतं: "हा खेळ टीव्हीला जोडून खेळतात. आपला जुना टीव्ही चालायचा नाही. नवीन घेताना हाय डेफिनिशन बघून घ्या, चित्र लय स्पष्ट दिसतं असं इथला दुकानदार म्हणतो."

आता जयराज पत्र लिहिणार म्हणजे निम्मं शाळेतलं आणि निम्मं घरातलं. मागच्या पत्रात त्यानं "इथं थंडी लय हाय, पण माझी तब्येत उत्तम आहे" असं लिहिलं होतं. त्यामुळं नाथाजींनी हेही त्याच हिशेबानं वाचलं. डेफिनिशन हाय का, ते बघून घ्या. एवढं साधं तर होतं!

बुधवारी ते त्यांचे जिगरी दोस्त भाऊसो यांच्या टेम्पोत बसून निघाले. भाऊसोचा टेम्पो दर बुधवारी सांगलीजवळच्या कुपवाडला माल घेऊन जायचा. नाथाजी सांगलीत उतरले आणि 'शरयू टीव्ही सेंटर'च्या पायऱ्या चढून त्यांनी थेट मुद्द्याला हात घातला.

"डेफिनिशन हाय का?"

दुकानाचे मालक देवदत्तशेठ यांनी वीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाला "नाही" म्हटलेलं नव्हतं. नाही म्हणायचं म्हणजे गिऱ्हाइकाचा हात धरून त्याला समोरच्या दुकानात सोडून यायचं, असं त्यांचं मत होतं.

"आहे की, सुभेदार! न असायला काय झालं?"

"कुठाय?"

"आत आहे. सगळं आत आहे," टीव्हीच्या खोक्यावर थाप मारत देवदत्तशेठ म्हणाले.

"मग बिलावर लिवा."

"बिलावर?"

"आत हाय न्हवं? मग लिवायला काय जातंय?"

देवदत्तशेठनी एकदा पंख्याकडं बघितलं, एकदा गिऱ्हाइकाच्या मिशांकडं बघितलं आणि लिहिलं: डेफिनिशन, एक.

तर असा तो टीव्ही संध्याकाळी कुरणवाडीत येऊन पोचला होता आणि आता चालूही झाला होता. गेम जोडला. पडद्यावर मोटारींची शर्यत होती म्हणे. पण चारी बाजूंनी काळी पट्टी आणि मध्ये पोस्टकार्डाएवढं चित्र, तेही हुडहुडी भरल्यागत थरथरणारं. त्या वेळी शिवारातल्या सगळ्या मोटारी विहिरींवर चालू असत आणि गावातला बल्बसुद्धा लाजत लाजत लागत असे. पण तिकडं लक्ष द्यायला कुणाला सुचतंय?

"नाथाजी," सरपंच आप्पासो पुढं वाकून म्हणाले, "ही शर्यत हाय का पुसल्याली रांगोळी?"

"डेफिनिशन न्हाई न्हवं त्यात! म्हनून आसं दिसतंय."

"आन ते का न्हाई? दुकानदारानं फसवलं म्हना की!"

नाथाजींनी हातातल्या बिलाकडं बघितलं. 'फसवलं' म्हणावं तर तीस वर्षांचं नाव आत्ता, या अंगणात, आप्पासोंच्या देखत धुळीला मिळत होतं. फौजेत शिकलेली हुशारी त्यांच्या मदतीला धावून आली.

"मला कोन फसवणार? बिल हाय ना हातात! डेफिनिशन दुकानातनं निघालंय. वाटंत चोरीला गेलंय."

"आरं तिच्या!" आप्पासो म्हणाले. "वाटंत मंजी टेम्पोत. आन टेम्पो तर भाऊसोचा."

सगळ्यांच्या माना भाऊसोकडं वळल्या. तो बिचारा अँटेनाची वायर धरून उभा होता. नाथाजींनी जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

"नाथा," भाऊसो हळूच म्हणाला, "म्या चोरलं, व्हय रं?"

"तसं न्हाई गड्या! इट्याच्या स्टँडवर च्या प्यायला थांबलो हुतो, तवा कुणीतरी..."

"खोक्याला चिकटपट्टी तशीच हुती. मंजी पट्टी काढून, डेफिनिशन घिऊन, परत पट्टी लावणारा मानूस पायजे. तेवढा येळ माझ्याशिवाय कुणाला हुता? तू मुतारीत गेल्ता." भाऊसोला असली वकिली स्वतःच्याच विरुद्ध करायची खोड होती. "न्हाई न्हाई, आता उद्या चौकीत चल. रीतसर कंप्लेंट दे. माझ्यावरचा डाग निघाल्याबिगर मी त्या टेम्पोला हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोघं दोस्त एकाच सायकलवर डबलसीट बसून, एकानं दुसऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला चौकीत गेले. हवालदार अनंतराव टेबलावर दाढी करत होते. त्यांनी निम्मा साबण तसाच ठेवून वही उघडली.

"काय गेलं?"

"डेफिनिशन."

अनंतरावांचं पेन क्षणभर थांबलं. पण वर्दीतला माणूस, "ते काय असतं" असं कसा विचारणार? "हां, डेफिनिशन," ते म्हणाले. "हल्ली लय चोऱ्या व्हायला लागल्यात त्याच्या. वर्णन सांगा."

नाथाजींनी भाऊसोकडं बघितलं. भाऊसोनं छताकडं बघितलं.

"खोक्यात मावंल येवढं," नाथाजी म्हणाले.

"मंजी वीतभर. रंग?"

"टीव्हीचा असतो तसलाच."

"काळपट." अनंतराव लिहीत होते. "जड का हलकं?"

"जड असतं तर खोकं उचलताना कळलं असतं," भाऊसोनं माहिती पुरवली. "हलकंच असंल."

"धार हाय का त्याला?"

"धार कशाला असंल?"

"नोंद करावी लागती. हत्यार म्हनून वापरलं तर?" अनंतरावांनी शेवटी वाचून दाखवलं, "एक डेफिनिशन, वीतभर, काळपट, हलके, बिनधारी. संशयित, भाऊसो, स्वतः हजर." मग त्यांनी भाऊसोकडूनच फिर्यादीवर साक्षीदार म्हणून सही घेतली, कारण चौकीत तिसरं कुणी नव्हतं.

बातमी दुपारपर्यंत शेजारच्या तीन वाड्यांना लागली. वीतभर, काळपट, हलकं म्हटल्यावर काय, माणसं वस्तू घेऊन चौकीत यायला लागली. एकानं ओढ्यात सापडलेला चष्म्याचा डबा आणला. एकानं स्कूटरचं मडगार्ड आणलं, तेही अर्धं. रंगुबाई नावाच्या म्हातारीनं एक वांगं आणलं आणि "आसलंच असंल तर बगा, न्हाईतर परत द्या, कालवणाला हुईल" म्हणाली. अनंतरावांनी प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. वांगंसुद्धा ठेवलं.

आणि आप्पासो? त्यांनी रात्रभर विचार करून आपल्या दोन वर्षं जुन्या टीव्हीचं बिल शोधून काढलं. त्यात डेफिनिशन लिहिलेलंच नव्हतं! म्हणजे आपल्याला दिलंच नाही की काय? का घरातूनच गेलं? शुक्रवारी त्यांनीही तक्रार दिली. त्यांचं बघून सोसायटीच्या चेअरमननं दिली, मग गिरणीवाल्यानं. ज्यांच्याकडं टीव्हीच नव्हता अशा दोघांनीही दिली. म्हणजे पुढं घेतला तर घोळ नको. अनंतरावांनी इतक्या चोऱ्या एका आठवड्यात कधी नोंदवल्या नव्हत्या. टेम्पो मात्र दारात उभा होता आणि भाऊसो त्याच्याकडं पाठ करून ओट्यावर बसून होता. नाथाजी दोनदा जाऊन आले. भाऊसोनं चहा दिला, साखरसुद्धा नेहमीसारखी जास्त घातली, पण टेम्पोला हात लावला नाही.

शेवटी अनंतरावांनी सांगलीला फोन लावला. पोलिसांचा फोन म्हटल्यावर देवदत्तशेठचं धाबं दणाणलं. शनिवारी सकाळी ते भाड्याची जीप करून, मांडीवर एक खोकं घेऊन, थेट नाथाजींच्या दारात उतरले. घाम पुसत त्यांनी नाथाजींना गोठ्यामागं नेलं.

"सुभेदार, तुमच्या पाया पडतो. मला डेफिनिशन म्हणजे काय ते माहीतच नव्हतं."

"आन बिलावर लिवलं?"

"तुम्ही लिहा म्हणालात! फोन आल्यावर मी कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं. तो पाच मिनिटं नुसता हसत होता. अहो, ते 'हाय डेफिनिशन' आहे. इंग्रजी शब्द. हाय म्हणजे उंच, भारी. भारी चित्राचा टीव्ही. जपानात, अमेरिकेत निघालाय म्हणे. आपल्याकडं यायला अजून दहा-बारा वर्षं तरी लागतील."

नाथाजी गव्हाणीला टेकले. "मंजी... हाय मंजी 'हाय' न्हवं?"

"नाही हो."

"मग 'हाय' मंजी 'न्हाई'?"

"या बाबतीत, हो," देवदत्तशेठ म्हणाले.

म्हैस रवंथ करत दोघांकडं बघत होती. नाथाजींना तिचीसुद्धा लाज वाटली. नसलेली वस्तू मागितली, नसलेली वस्तू बिलावर घेतली, नसलेली वस्तू चोरीला गेली म्हणून जिवाभावाच्या माणसाचं नाव पोलिसांच्या वहीत घातलं. तीस वर्षांत फसले नव्हते ते एका झटक्यात इतके फसले की त्याला तोड नव्हती.

देवदत्तशेठनी आणलेलं खोकं म्हणजे स्टॅबिलायझर होता. "चित्र लहान दिसतं असं हवालदार फोनवर म्हणाले, म्हणजे तुमच्याकडं व्होल्टेज कमी आहे. हा लावा. माझ्याकडून भेट, पण ती तक्रार तेवढी मागं घ्या." त्यांनी घरात जाऊन तो जोडला, आणि अहाहा! काळी पट्टी गेली, थरथर गेली, पडदाभर लालभडक मोटार उभी राहिली. लीलाबाईंनी "आगं बया!" म्हणून टाळीच वाजवली आणि जॉयस्टिक घेऊन तिथंच फतकल मारली.

नाथाजींपुढं आता सोपा रस्ता होता. स्टॅबिलायझर हेच डेफिनिशन, दुकानातच राहिलं होतं, असं सांगून मोकळं व्हायचं. नाव शाबूत राहिलं असतं. देवदत्तशेठनी तसं सुचवलंही. पण भाऊसोचं काय? दुकानातच राहिलं म्हटलं तरी माणसं म्हणणार, नाथाजीनं दोस्ताला वाचवलं. डाग काढायचा तर मुळातूनच काढायला हवा होता. नाथाजींनी फौजेतली टोपी डोक्यावर घातली, भाऊसोला ओट्यावरून उठवलं आणि देवदत्तशेठना घेऊन चौकी गाठली. तिथं आप्पासो आणि बाकीचे फिर्यादी तपास कुठवर आला ते विचारायला बसलेच होते.

"सगळ्यांनी ऐका," नाथाजी ताठ उभं राहून म्हणाले. "भाऊसोनं कायबी चोरलं न्हाई. डेफिनिशन नावाची वस्तूच नसती. मी फसलो."

मग आप्पासो गदगदून हसायला लागले.

"तुमी? आन फसला?" त्यांनी डोळे पुसले. "नाथाजी, आमाला काय येडं समजता व्हय?"

"खरं सांगतोय!"

"मघाशी माझा गडी तुमच्या दारावरनं आला. म्हनला, टीव्हीतली मोटार बाहेर पडंल असं चित्र दिसतंय. डेफिनिशन मिळालंय न्हवं तुमाला?"

"तो स्टॅबिलायझर आहे, सरपंच," देवदत्तशेठ कळवळून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते चारचौघांत खरं बोलत होते.

"हां हां, स्टॅबिलायझर!" आप्पासोंनी डोळा मारला. "आता तसंच म्हनायचं ठरलंय तर. शेठ, मला एक स्टॅबिलायझर."

"मलाबी एक," चेअरमन म्हणाले.

"मला दोन. एक पाव्हण्याला," गिरणीवाला म्हणाला.

"आरं मी फसलोय!" नाथाजी ओरडले. "आईशप्पथ सांगतो, गाढवागत फसलोय!"

"बगा, कसं ताकास तूर लागू देत न्हाईत," चेअरमन कौतुकानं म्हणाले. "भाव वाढू नये म्हनून. ह्याला म्हनत्यात खरेदी."

अनंतरावांनी 'मुद्देमाल मिळाला' असं लिहून वही मिटली आणि कपाटातलं वांगं रंगुबाईकडं परत धाडलं. नाथाजींनी शेवटची आशा म्हणून भाऊसोचा दंड धरला. "तू तरी इश्वास ठेव गड्या. मी खरंच फसलो."

भाऊसोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नाथा, माझ्यासाठी तू चारचौघांत येवढं खोटं बोललास! मी जलमात इसरायचो न्हाई." आणि तो टेम्पो धुवायला निघून गेला.

नाथाजी घरी आले ते पाय ओढत. भाऊसो टेम्पोवर परत चढला याचं समाधान होतं, ते होतंच. पण छातीवर खऱ्याचं ओझं घेऊन माणूस चौकीत जातो आणि ते उतरवून घ्यायलाच कुणी तयार होत नाही, ही काय तऱ्हा झाली? सोप्यात लीलाबाई जीभ दातांत धरून मोटार पळवत होत्या.

"लीला," ते तिच्याशेजारी बसत म्हणाले, "मी फसलो बग."

"व्हय," पडद्यावरची नजर न काढता लीलाबाई म्हणाल्या.

"तुला खरं वाटतंय?"

"न वाटायला काय झालं?"

नाथाजींचा जीव भांड्यात पडला. एक तरी माणूस भेटलं! त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी गटागटा पिऊन टाकलं. पण पाणी पोटात उतरता उतरता त्यांच्या मनात भलतीच शंका आली.

"सगळं गाव न्हाई म्हनलं. तुला येवढ्या झटक्यात कसं पटलं?"

लीलाबाईंनी मोटार रस्त्याच्या कडेला नेऊन थांबवली.

"सिकंदराबादला हुता तवा तुमी मला नथ आनली हुती. मोत्याची."

"मंग? खऱ्या मोत्याची हाय ती. मी स्वतः पारखून घेतली."

"म्हसवडच्या सोनारानं सांगितलं, काचंची हाय म्हनून. एक्काहत्तर साली."

नाथाजींचं तोंड उघडं राहिलं. "आन तू मला आज सांगतीस?"

"रजेवर आला की गाव तुमाला इचाराय लागलं हुतं तवा. तुमी लय खुशीत असायचा."

"पर तू ती घालतीस की! परवा चेअरमनच्या पोरीच्या लग्नातबी घातलीस!"

"घालते. बाया इचारत्यात, मोती खरं हायत का? मी सांगते, ह्यांनी आनल्यात. मंग पुढं कुनी इचारत न्हाई."

बाहेरून टेम्पो धुतल्याचा आणि भाऊसोच्या बेसूर गाण्याचा आवाज येत होता. मग नाथाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं, "लीला, आनखी काय काय हाय?"

लीलाबाईंनी दुसरी जॉयस्टिक त्यांच्या हातात दिली.

"नीट मांडी घालून बसा," त्या म्हणाल्या. "लय येळ लागंल."